दारातली ओली फरशी

७ ऑक्टोबर

जुमानाचा हात मोडला. आधी हे लिहून टाकते, म्हणजे बाकीचं शांतपणे लिहिता येईल.

दुपारी मी खाली माझ्या स्वयंपाकघरात मुलूखियाच्या भाजीची पानं निवडत होते. ती वर राहणाऱ्या माझ्या भावाच्या घरातून जिना उतरत होती. उतरत म्हणजे तिच्या पद्धतीने, शेवटच्या तीन पायऱ्या उडी मारून. धप्प असा आवाज आला, मग काही क्षण काहीच नाही, आणि मग रडणं. तीस वर्षं प्राथमिक शाळेत काढल्यावर एवढं कळतं की मधली शांतता जितकी लांब, तितकं दुखणं खरं. पानं तशीच टाकून धावले.

दाराच्या आतल्या फरशीवर ती डाव्या हातावर पडली होती. उचलून घेताना मी म्हणायचं ते म्हटलं. आमच्या आईने आम्हाला म्हटलं, तिच्या आईने तिला म्हटलं, मूल पडलं की गल्लीतली प्रत्येक बाई म्हणते तेच: "अल्लाचं नाव तुझ्यावर, आणि खालच्या तुझ्या भावावर. तू त्याच्यावर पडलीस, बाळा, तुला काही नाही झालं. तो तुझ्यापेक्षा दणकट आहे." आणि प्रत्येक मुलाच्या जमिनीखालच्या त्या भावासाठी म्हणून ओततात तसं भांडंभर पाणी त्या फरशीवर ओतलं. हे सगळं हात आपोआप करतात, डोकं तेव्हा पुढच्या कामाला लागलेलं असतं. माझं डोकं तिचा हात बघत होतं. मनगटाच्या वर तो सरळ नव्हता.

माझी भावजय नशवा पोट सावरत वरून आली. सातवा महिना आहे तिचा. लेकीचा हात बघून पांढरीफटक पडली. तिला खुर्चीत बसवते न बसवते तोच समोरची उम्म शौकी हजर.

"बाई, डॉक्टरकडे नका नेऊ हं. नदीपलीकडे हाडवैद्य आहे. अंड्याच्या पांढऱ्यात भिजवलेली पट्टी बांधतो, आठवड्यात पोर उड्या मारायला लागतं. माझ्या शौकीचा पाय त्यानेच बसवला."

"म्हणूनच शौकी बदकासारखा चालतो का?"

"ते तो बापावर गेलाय," ती म्हणाली.

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. जुमानाला उचललं आणि सरळ डॉ. लबीबकडे नेलं. लबीब माझाच विद्यार्थी. तिसरीत असताना त्याने नाकात खोडरबर कोंबलं होतं आणि ते मी काढलं होतं, त्यामुळे त्याच्या पाटीवरच्या पदव्यांचं मला दडपण येत नाही. त्याने हाताचा एक्स-रे फोटो काढला. कोवळ्या फांदीसारखं हाड वाकून एका बाजूने चिरलंय. कोपराच्या वरपर्यंत प्लास्टर, गळ्यात झोळी, पाच-सहा आठवडे. ओलं करायचं नाही, उड्या बंद. हाड जागचं हललं तर अलेक्झांड्रियाला नेऊन, भूल देऊन तार घालावी लागेल.

जुमाना फोटोकडे बघत होती. "हा माझा हात आहे की त्याचा?" तिने विचारलं.

"तुझाच, आणखी कुणाचा असणार?" मी म्हटलं.

पाच वर्षांची नाही अजून, पण प्रश्न विचारते. मला प्रश्न विचारणारी मुलं आवडतात.

९ ऑक्टोबर

एकावर एक. काल सकाळी नशवाला कळा सुरू झाल्या, थोडं रक्तही गेलं. माझा भाऊ सब्री आमच्या रशीद गावाहून अलेक्झांड्रियाला मायक्रोबस चालवतो. त्यातच मागच्या सीटवर तिला आडवी करून नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी ठेवूनच घेतलं. बाळंत होईपर्यंत पलंगावरून उठायचं नाही. बाळ जितकं जास्त आत राहील तितकं बरं.

जाताना नशवाने माझा हात धरला. "ताई, माझी मुलगी..."

"तशीच्या तशी तुझ्या हाती देईन," मी म्हटलं. "सरळ हातासकट."

मी शब्द दिला की दिला.

संध्याकाळी सब्री परत आल्यावर आम्ही खालच्या खोलीत बोलत बसलो. मुलगा आहे हे आता नक्की कळलंय. "पोराला धोका आहे, ताई," तो म्हणाला. "कशामुळे, ते सांगता येत नाही म्हणतात."

"कशामुळे म्हणजे? त्या पडण्याचा धक्का बसला, दुसरं काय," मी म्हटलं. लेकीला तसं पडलेलं बघून कुठल्याही आईला बसेल.

जुमाना सतरंजीवर बाहुलीशी खेळत होती. तिचं आमच्याकडे लक्ष नव्हतं.

११ ऑक्टोबर

आईशी फोनवर बोलायला तयार नाही. नशवाचा चेहरा फोनवर दिसला की कपाटामागे जाते. सब्रीला वाईट वाटलं. मी त्याला समजावलं की हे मत्सराचं लक्षण आहे. नवीन बाळ येणार, आई त्याच्यासाठी घर सोडून गेली, मोठीचा फुगा फुटला. दर वर्षी पहिलीच्या वर्गात अशी चार-पाच असायची. उपाय एकच, लक्ष द्यायचं नाही.

आणखी एक नवीन खूळ. दारातून आत येताना ती फरशी ओलांडून लांब ढांग टाकते. पडल्याची भीती मनात बसली असणार. उड्या बंद झाल्या, हे एका अर्थी बरंच झालं.

१४ ऑक्टोबर

घरात मुंग्या. आणि कुठे, तर दारात. मी चाळीस वर्षं या घराचा उंबरा स्वच्छ ठेवलाय. गुडघ्यावर बसून बघितलं तर फरशीच्या सांध्यात हलव्याचा तुकडा, पेरूची फोड आणि बी काढलेला अर्धा खजूर. जुमानाचं काम. ती हल्ली सगळं अर्धंच खाते. आज फीनोचा पावसुद्धा अर्धा मोडून हातात घेऊन उठली. "बाकीचा कुठे गेला?" विचारलं तर म्हणे, "संपला."

मी तिला नीट बसवून सांगितलं की अन्न जमिनीवर टाकणं पाप आहे.

"टाकलं नाही," ती म्हणाली. "ठेवलं."

तिची झोळीही दोनदा हरवली. दोन्ही वेळा दाराशीच सापडली, नीट घडी करून ठेवलेली. टापटीप आहे पोर, हे मात्र आमच्या घराण्याचं.

१७ ऑक्टोबर

आज माझा जीव वर-खाली झाला, तरी लिहिते.

काल दुपारी मी नमाजाला बसले असताना तिने पाण्याचा जग उचलला. एका हाताने पेलेना म्हणून प्लास्टरचा हात खाली लावला. सगळं पाणी प्लास्टरवर. मला सांगितलं नाही. हात पांघरुणात लपवून झोपली. आज सकाळी बघते तर प्लास्टर भिजलेल्या पावासारखं मऊ, आणि आतला हात सैल.

लबीबने पुन्हा फोटो काढला आणि मग माझ्याकडे बघितलं. तिसरीतला लबीब असं बघायचा नाही. "बाई, हाड सरकलंय. आज मी दाबून बसवतो. पण आणखी एकदा असं झालं तर मी हात लावणार नाही. मग शस्त्रक्रिया, तार, आणि तरी हात पूर्ण सरळ होईल याची हमी नाही. तुम्ही आम्हाला लक्ष द्यायला शिकवलंत. आता तुम्ही द्या."

पाणउतारा झाला, पण बरोबर होतं त्याचं. माझ्या आयुष्यात असे प्रसंग फार नाहीत.

त्याने जुमानाला विचारलं, "पाणी कशाला घेतलंस?"

"तहान लागली होती."

"मग आत्याकडे ग्लासभर मागायचं."

"मला नाही लागली," ती म्हणाली. घाबरून काहीतरी बोलत होती.

हाड दाबताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं, ती मात्र रडली नाही. ओठ दाबून छताकडे बघत राहिली. बाहेर आल्यावर मी विचारलं, "एवढं दुखलं, तरी रडली कशी नाहीस?"

"मला डॉक्टर आहे ना," ती म्हणाली.

लबीबला सांगायला हवं. फुगून जाईल.

नशवाला यातलं काही कळवायचं नाही, असं सब्रीचं आणि माझं ठरलं.

२१ ऑक्टोबर

उम्म शौकी तिच्या सासूचा पितळी वाडगा घेऊन आली. आतून कुराणातल्या ओळी कोरलेला, दचकलेल्या मुलांना ज्यातून पाणी पाजतात तो. "बाई, तुम्ही काहीही म्हणा, पोर घाबरलीय. बोलत नाही, हसत नाही. रात्रभर गच्चीवर चांदण्यात ठेवलंय पाणी. दोन घोट द्या."

मी म्हटलं, "पाणी उकळलं होतंस का?"

"चांदण्यात ठेवायचं पाणी कुणी उकळतं का?"

आमचं हे चाललं असताना जुमानाने उजव्या हाताने वाडगा धरला. "दोघांना पुरेल का?" तिने विचारलं.

"अगं, अख्ख्या गल्लीला पुरेल," उम्म शौकी हसून म्हणाली.

जुमाना वाडगा घेऊन हळूहळू दाराकडे गेली आणि सगळं पाणी फरशीवर ओतून आली. एक घोटही घेतला नाही. उम्म शौकीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी मनातून सुखावले. शेवटी रक्त माझंच आहे. या भाकडकथांवर तिचाही विश्वास नाही.

२६ ऑक्टोबर

आज आवाज चढला माझा. नशवा फोनवर रडली. "ती माझं तोंडसुद्धा बघत नाही, मी काय केलं तिला?" तिच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलंय की तिला रडू द्यायचं नाही. मी कपाटामागून जुमानाला ओढून काढलं आणि म्हटलं, "तुझ्या अशा वागण्याने आईला त्रास होतो. बाळालाही होतो. कळतंय का?"

तिने मान हलवली. कळतंय, म्हणाली. आणि पलंगाखाली गेली ती जेवायलाही आली नाही.

थोडं कडक बोलावं लागतं. पण आज मला जेवण गेलं नाही, हेही लिहून ठेवते.

३० ऑक्टोबर

लबीबकडे तिसरी फेरी. मी या तेरा दिवसांत डोळ्यांत तेल घालून त्या प्लास्टरची राखण केली होती. जग माळ्यावर, बादली कुलपात. फोटो चांगला आला. हाड जागेवर आहे, भरायला लागलंय. मी लबीबकडे असं बघितलं की त्याला तिसरी आठवली असावी.

निघताना त्याने तिच्या हातात गोळी दिली. "आणखी काही विचारायचंय का, शूर बाई?"

जुमानाने गोळी मुठीत धरली. "माझ्या भावाला पण असं प्लास्टर घातलं का?"

"कुठल्या भावाला?"

"मी पडले त्याला. तो खाली होता, आमच्या दारात. मी त्याच्यावर पडले." ती अगदी शांतपणे सांगत होती, शाळेत पाठ म्हणून दाखवल्यासारखी. "तो दणकट आहे, म्हणून आधी काही झालं नाही. पण मग झालं. म्हणून आईला त्याला घेऊन दवाखान्यात जावं लागलं. मी त्याला पाणी देते. पण तो आता तिकडे आहे की दारात आहे, ते मला कळत नाही."

लबीबने माझ्याकडे बघितलं. त्यालाही त्याच्या आईने तेच म्हटलं असणार, पडला की. आम्हा सगळ्यांनाच म्हटलंय.

मी खुर्चीत बसले. हलवा, पेरू, झोळी, पाणी, वाडगा, सगळं एकदम आठवलं. या मुलीने आपल्या घासातला अर्धा घास माझ्या देखत फरशीला भरवला आणि मी मुंग्यांची पावडर आणली. आणि रविवारी मीच तिला सांगितलं की तुझ्यामुळे बाळाला त्रास होतो.

नाईलच्या काठाने आम्ही चालत निघालो. बोट बांधायच्या वखारीशी एक बाक आहे तिथे बसवलं तिला. आडवळणाने बोलणं मला जमत नाही. "जुमाना, दाराखाली कुणी नाही. माती आहे, तिच्याखाली पाणी आहे. आईच्या पोटातला भाऊ तेव्हाही पोटातच होता. तू त्याच्यावर पडली नाहीस."

"तू म्हणालीस पडले."

"ते म्हणायचं असतं. मूल पडलं की म्हणतात."

"खरं नसतं?"

"खरं नसतं."

"तू तर म्हणतेस, मी कधीच खोटं बोलत नाही."

म्हणते. रोज म्हणते. शाळेत फळ्यावर लिहायचे. "या वेळी बोलले," मी म्हटलं.

"मग पाणी का ओतलंस?"

"सवयीने," मी म्हटलं. तिला पटलं नाही. का पटावं? एवढी मोठी बाई धावत येते, जमिनीवर पाणी ओतते, आणि नंतर म्हणते की खाली कुणी नाही. मी तिच्या जागी असते तर मीही पाणीच खरं मानलं असतं.

३१ ऑक्टोबर

सकाळी नशवाला सगळं सांगितलं. भिजलेलं प्लास्टरही. ओरडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "म्हणजे ती माझ्यावर रागावलेली नाही?"

"नाही ग. तुला तोंड दाखवायला लाजतेय ती."

"द्या तिला फोन."

मी जुमानाला सांगितलं की भावाबद्दल जे काही विचारायचं ते त्याच्या आईला विचार, तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ती कपाटामागून निघाली. फोन दोन्ही गुडघ्यांवर ठेवला आणि इतक्या दिवसांत आईशी पहिलं वाक्य बोलली: "त्याचा हात कसा आहे?"

मी असते तर भाषण दिलं असतं. नशवा म्हणाली, "काल दिवसभर मला आतून ढुशा देत होता. हात मोडलेला माणूस ढुशा देईल का?"

"पायाने देत असेल."

"तेही खरं," नशवा म्हणाली. "थांब. उद्या डॉक्टरीणबाई मशीनमधून त्याला बघणार आहेत. मी सांगते, हात नीट बघा, माझ्या मुलीला कळवायचंय."

"दोन्ही," जुमाना म्हणाली.

२ नोव्हेंबर

सब्रीने फोनवर चित्र आणलं. राखाडी ढगात ढग. त्यात एके ठिकाणी खरंच छोटी मूठ दिसते, आणि तिच्या मागे हाडाची पांढरी रेघ. सब्रीला ती वाटाण्याची शेंग वाटली. त्याला मी गप्प केलं.

जुमाना वर जाऊन आपल्या हाताचा फोटो घेऊन आली, खिडकीच्या काचेवर दाबून धरला आणि फोन त्याच्या शेजारी. एकदा इकडे, एकदा तिकडे. "माझं वाकडं आहे. त्याचं सरळ आहे."

"मग?"

"दुसरा हात दिसत नाही."

लबीब परवडला, ही अजून मोठी डॉक्टर आहे. पण आज फीनोचा अख्खा पाव खाल्ला तिने. अंड्यासकट.

९ नोव्हेंबर

आईशी रोज बोलते. एवढी बोलते की नशवाने आज मलाच विनंती केली, ताई, जरा आवरा. त्या फरशीवरून अजून ढांग टाकूनच जाते. मी काही म्हणत नाही. तिला पाणी ओतताना मी पाहिलं नाही, पण फरशी परवा ओली होती.

१६ नोव्हेंबर

प्लास्टर निघालं. करवतीचा आवाज सुरू झाला तेव्हा लबीबपेक्षा मीच जास्त घाबरले होते. आत हात बारीक, खवले आलेला, आणि सरळ. लबीबने चार वेळा उलटसुलट केला. "सरळ आहे, बाई. पूर्ण." मी त्याला सांगितलं की तुझं खोडरबराचं प्रकरण आता मी कुणाला सांगणार नाही. तो म्हणाला, तुम्ही बाहेर बसलेल्या सगळ्यांना आधीच सांगितलंय.

घरी येताना उम्म शौकीने हात चाचपून बघितला. "बसलाय," ती म्हणाली. "पण माझ्या हाडवैद्याकडे लवकर बसला असता."

मी शब्द दिला होता, तो पाळला. नशवाला फोन करून तेवढंच सांगितलं.

२३ नोव्हेंबर

काल दुपारी नशवा बाळंत झाली. थोडं आधी, पण डॉक्टरीणबाई म्हणतात बाळाचं वजन चांगलं आहे, रडणं त्याहून चांगलं. यह्या नाव ठेवलंय. सब्री फोनवर बोलता बोलता रडला आणि मागून त्याच्या मायक्रोबसमधले उतारूही अभिनंदन करायला लागले. माणूस गाडी चालवत बोलत होता. त्याला झापलं, मग मीही रडले.

जुमानाला सांगितलं. तिने फक्त विचारलं, "दुसरा हात?"

२५ नोव्हेंबर

आज तिला घेऊन गेले. दवाखान्याच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याने अडवलं, लहान मुलांना आत सोडत नाहीत. अलेक्झांड्रियात माझे विद्यार्थी नाहीत, पण आवाज तोच आहे. मी त्याला म्हटलं की या मुलीला एका रुग्णाची तपासणी करायची आहे आणि तिला उशीर होतोय. त्याने तिच्या गंभीर चेहऱ्याकडे बघितलं आणि दार उघडलं.

बायकांचा लांब वॉर्ड. टोकाच्या खाटेवर नशवा, तिच्या कुशीत पांढरं बोचकं. जुमानाने आईला बघितलं आणि माझा हात सोडून धावत सुटली. फरशी नुकतीच पुसलेली होती. अर्ध्या वाटेत पाय घसरला आणि ती सपशेल पडली, दोन्ही हातांवर.

दोन्ही बाजूंच्या खाटांवरून एकदम आवाज उठले, म्हाताऱ्या, तरुण, बाळंतिणी, सोबतीला आलेल्या, सगळ्यांचे: "अल्लाचं नाव तुझ्यावर, आणि तुझ्या भावावर." एकीने बाटलीतलं पाणीही ओतलं तिच्या शेजारी. मी बोटीच्या वखारीशी बसून मनाशी शपथ घेतली होती की हे पुन्हा तोंडातून काढणार नाही. खरं लिहायचं तर सगळ्यांत मोठा आवाज माझाच होता.

नशवा उशीवरून अर्धी उठली होती.

जुमाना आपली आपण उठून बसली. आधी डावा हात बघितला, मूठ उघडून मिटून. मग खालच्या पाण्याकडे बघितलं. मग टोकाच्या खाटेकडे.

"तो खाली नाहीये," तिने सगळ्या बायकांना सांगितलं. "तो तिथे आहे. मी कुणावरच नाही पडले."

पाणी ओतणारी म्हातारी हसायला लागली, आणि तिच्यामागून सगळ्याच. जुमाना हसली नाही, तिला काम होतं. ती खाटेवर चढली, आईच्या गालाला गाल लावला, आणि बोचकं सोडलं. एक हात बाहेर काढला, बोटं सरळ केली. मग दुसरा. तो तिने जास्त वेळ धरून ठेवला. त्याच्या शेजारी आपला बारीक झालेला डावा हात ठेवला.

"दोन्ही सरळ आहेत," तिने नशवाला सांगितलं.

"तुझेसुद्धा," नशवा म्हणाली, आणि माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघू लागले. समुद्राकडून वारा येत होता आणि माझे डोळे वाऱ्याने चुरचुरतात.

अंधार पडायच्या आत आम्ही रशीदला परत आलो. मी कुलूप उघडलं. जुमाना माझ्या आधी आत गेली आणि त्या फरशीवर थांबली. ओलांडली नाही. दोन्ही पाय तिच्यावर नीट ठेवून उभी राहिली, एकदा टाच आपटून बघितली.

"आत्या," ती म्हणाली, "इथे आता पाणी नको ओतूस. पाय घसरतो."